आधी वरचा प्लग

गावाचं नाव सेटल. यॉर्कशरमधलं.
मावशी फोनवर विचारते, "झालीस ना गं एकदाची सेटल?"
मी म्हणते, पोस्टकोडपुरती.

दाताचा दवाखाना बंद करून परसात येते,
पुठ्ठा अंथरते, लँड रोव्हरखाली सरकते.
चौऱ्याहत्तर सालची गाडी,
सीटला अजून ओल्या लोकरीचा वास,
चासीवर कुठकुठल्या टेकड्यांचा चिखल
थरावर थर वाळलेला.

गिअरबॉक्सला दोन प्लग:
खालच्यातून जुनं तेल सोडायचं,
वरच्यातून नवं भरायचं.
मी उत्साहात आधी खालचा उघडला.
काळं तेल परातीत पडलं
(कणीक मळायची परात, ती आता घरात येत नाही)
आणि वरचा हलेना.
पोट रिकामं, तोंड शिवलेलं.
गाडी जागची हलवायची सोय नाही.

कुंपणावरून ॲल्विन कॅपस्टिक म्हणाला,
"आधी वरचा उघडतो का बघायचं असतं, पोरी.
भरता येत नसेल तर रिकामं करू नये."
हे तो आता सांगतो.
गेल्या हिवाळ्यात त्याची दाढ काढली मी,
तेव्हाही दुखतंय हे सांगायला
त्यानं दोन वर्षं घेतली होती.

मग तीन आठवडे.
माझा अठराचा पाना इंचाच्या डोक्यावर घसरला,
कोपरे गोल झाले.
कॅपस्टिकनं इंचातले पाने आणून दिले,
तेलकट फडक्यात गुंडाळलेले,
आहेरातल्या चांदीच्या चमच्यांसारखे.
रोज संध्याकाळी थेंबभर तेल,
हातोडीचे चार हलके ठोके,
झोपलेल्याला हाक मारावी तसे.
रविवारी गॅसच्या बत्तीनं तापवला,
कडेला मेणबत्ती टेकवली.
मेण वितळून आट्यांत शिरलं,
हिरडीत भूल उतरते तसं, न दिसता.

दाढ ओढायची नसते. डोलवायची.
थोडी गालाकडे, थोडी जिभेकडे,
हाडाला वाटलं पाहिजे
की जागा त्यानंच करून दिली.
म्हणून सोडवण्याआधी
मी प्लग केसभर आवळला.

"डेनिसनं बसवलाय तो," कॅपस्टिक म्हणाला,
"पान्याला पाइप लावून.
म्हणाला, आता हा जन्मात गळायचा नाही."
डेनिस त्याचा भाऊ. गाडी त्याची.
शेवटची चार वर्षं खिडकीशी लावलेला पलंग,
फिडिंग कपातून सूप.
एवढं बोलून तोही गुडघे मोडत खाली आला,
आडवा झाला
आणि पाइपवर माझ्या हाताशेजारी
आपला हात ठेवला.

कट्.

तुटल्याचा आणि सुटल्याचा आवाज एकच असतो.
आम्ही दोघं तसेच पडून.
वर पुलावरून कार्लाइलची गाडी गेली,
तिचे डबे संपेपर्यंत
कुणीच जोर लावला नाही.
मग पाना हलका झाला. पाव फेरा.
अर्धा.

"सुटला!" मी ओरडले.
"काय म्हणालीस?"
सैल झाला, मी सांगितलं.
आणि सांगायला नको होतं तेही:
आमच्याकडे हे माणसालाही म्हणतात,
फार दिवस अंथरुणाला खिळून गेला की.

पुठ्ठ्यावर उताणाच
तो प्लग बोटांत फिरवत राहिला.
डोकं तपकिरी, पापुद्रे सुटलेलं,
आतले आटे मात्र लख्ख,
सकाळीच कापल्यासारखे.
"सुट-ला," तो म्हणाला.
त्याचा ट जरा मऊ पडला.

मग उठला, पॅंट झटकली,
आणि प्लग खिशात टाकून निघाला.
अहो, तो परत लावायचाय, मी म्हटलं.
"उद्या," कुंपणापलीकडून आवाज आला.

नव्या तेलाचा डबा
मी झाकण न उघडता पायरीवर ठेवला.